खाली पडलेले पोपटाचे पिल्लू : आधी ऊब, मग घास



दरवर्षी वार्षिक परीक्षांच्या सुमारास आमच्या शिक्षक-खोलीतील टेबलावर एक तरी पुठ्ठ्याचे खोके येऊन ठेपते. खोक्याला पेनाने पाडलेली भोके, आत कुणाचा तरी जुना रुमाल आणि रुमालावर एक लालसर, उघडेनागडे, मोठ्या डोक्याचे, डोळे मिटलेले पिल्लू. "सर, मिठ्ठू सापडला!" आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नसतो आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या चौघांचा एकच प्रश्न असतो : याला खायला काय द्यायचे?

प्रश्न चांगला आहे, पण तो पहिला नाही. हे आम्हांला एका पिल्लाच्या जिवावर शिकावे लागले. मागे एका चैत्रात वादळी वाऱ्याने उज्जैन रस्त्याच्या कडेच्या एका जुन्या चिंचेची वाळकी फांदी मोडली आणि तिच्या ढोलीतून तीन पिल्ले खाली आली. आपल्याच दोन विद्यार्थ्यांनी ती उचलली, रात्र झाली म्हणून घरी नेली आणि घरातल्या सर्वांनी मोठ्या मायेने त्यांना दुधात कुस्करलेली पोळी भरवली. सकाळी सर्वांत धाकटे पिल्लू गेलेले होते. उरलेल्या दोघांच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगलेली होती आणि हाताला थंड लागत होती. पशुवैद्य डॉक्टरांनी पाहिले आणि एवढेच म्हणाले, "हे भुकेने नाही गेले, खाण्याने गेले." दोघांना त्यांनी वाचवले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही ती वनविभागाच्या स्वाधीन केली. मुलांना रागवण्यासारखे काही नव्हते. पोपट हिरवा असतो, पेरू खातो आणि बोलतो, याहून अधिक आम्ही तरी त्यांना कुठे शिकवले होते? तो राहिलेला पाठ आज घेत आहोत. पालकांनीही तो वाचावा, कारण रात्री दूध तापवणारे हात घरातलेच असतात.

ढोलीत काय चालते

आपल्याकडे सर्रास दिसतो तो कंठवाला पोपट. त्यालाच जुन्या मराठीत राघू किंवा कीर म्हणतात. शेपटीसकट तो सुमारे 40 सेंटिमीटर भरतो. नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असतो, पण तो यायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून पिल्लू नर की मादी हे पाहून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खांद्यावर तांबडा डाग असलेला, याहून बराच मोठा, तो करण पोपट. आणि डोके जांभळट-लाल असलेला लहानखुरा तो टुइया. मालव्यात तिन्ही दिसतात, पण गावात घराशेजारी राहतो तो कंठवालाच.

माघ-फाल्गुनात, शेतात हरभरा घाट्यावर आलेला असतो तेव्हा, याची वीण सुरू होते. जुन्या झाडाची ढोली किंवा पडक्या भिंतीतले भोक त्याला लागते. काड्यांचे घरटे तो बांधत नाही. मादी चार ते सहा पांढरी अंडी घालते, पण एकाच दिवशी नाही. आणि उबवायला सुरुवात मात्र लवकर करते. त्यामुळे पिल्ले मागेपुढे निघतात आणि एकाच ढोलीत एक पिल्लू दुसऱ्याच्या दुप्पट असलेले दिसते. आमच्याकडचे धाकटे पिल्लू आधी का गेले, त्याचे निम्मे उत्तर यात आहे. अंडे सुमारे तीन आठवड्यांनी फुटते, दहाएक दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात अंगावर साळिंदरासारखे पिसांचे काटे दिसू लागतात आणि सहा-सात आठवड्यांनी पिल्लू ढोली सोडते.

भरवण्याची रीत समजून घेतली की पुढचे बरेचसे आपोआप समजते. चिमणी किंवा साळुंकी आणलेली अळी पिल्लाच्या आ वासलेल्या तोंडात टाकते. पोपटाचे पिल्लू तसा आ वासत नाही. आई किंवा बाप दाणे, फळे, कोवळे कोंब खाऊन आपल्या गळ्याखालच्या पिशवीत मऊ करतो (शास्त्रात या पिशवीला अन्नपुट म्हणतात), मग ते कोमट लापशीसारखे झालेले अन्न पुन्हा चोचीत आणून पिल्लाच्या चोचीत उतरवतो. चोचीच्या कडांना स्पर्श झाला की पिल्लू मान खालीवर हलवत पंपासारखे ते ओढून घेते. म्हणजे अन्न मऊ, अंगाएवढे कोमट आणि पिल्लाच्या वेगाने उतरलेले. यात दूध कोठेच नाही. कोणताच पक्षी पिल्लांना सस्तन प्राण्यासारखे दूध पाजत नाही आणि दुधातली साखर पचवणारे द्रव्य पक्ष्याच्या पोटात नसते. भिजलेली पोळी किंवा पाव त्या पिशवीत आंबतो. कणकेच्या गोळ्या, चहात बुडवलेले बिस्किट, ओला कच्चा तांदूळ यांचेही तेच. बालपणी आपल्याला जे भरवून मोठे केले ते सगळे इथे विषासारखे ठरते, हे आजीला पटवणे सोपे नाही, पण पटवले पाहिजे.

पहिला प्रश्न : परत ठेवता येईल का?

पिल्लू दिसले की आधी वर पाहा. ढोली शाबूत असेल आणि पिल्लू धडधाकट असेल तर त्याची सर्वांत चांगली आई वरच आहे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज आमच्या लहानपणीही होता आणि तो खरा नाही. मात्र झाडावर विद्यार्थ्यांनी चढू नये. शिडी, मोठा माणूस, आणि ढोलीत हात घालण्यापूर्वी बॅटरीचा उजेड, कारण ढोलीत पिल्लांच्या मागावर आलेली धामणही असू शकते. जवळून विजेची तार जात असेल तर विचार सोडून द्यावा.

फांदीच मोडली असेल तर लाकडी खोके, वरून पाऊस लागणार नाही असे, तळाला लाकडाचा भुसा घालून त्याच झाडाला उंचावर घट्ट बांधावे आणि पिल्लू त्यात ठेवून दूर जाऊन बसावे. आई-बाप ओरडत घिरट्या घालत असतील तर पिल्लाच्या आवाजावर ते येण्याची शक्यता असते. हा उपाय दर वेळी साधतोच असे नाही. दोन-तीन तास कोणीही फिरकले नाही, किंवा अंधार पडू लागला, तर पिल्लू खाली घ्यावे.

अंगावर पुरती हिरवी पिसे असलेले, पंख फडफडवणारे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा पहिल्याच उड्डाणात चुकलेले असते. त्याला मांजर-कुत्र्यापासून वाचवून फांदीवर बसवले की पुष्कळदा काम संपते. दरवर्षी आमच्याकडे येणाऱ्या खोक्यांत एक-दोन अशीही असतात, म्हणजे ज्यांना कोणी वाचवायलाच नको होते!

दुसरा प्रश्न : ते गार पडले आहे का?

नागड्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया थांबते. अशा वेळी घातलेला उत्तमातला उत्तम घासही पिशवीत पडून कुजतो. म्हणून आधी ऊब, मग घास. हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि ते वर्गात फळ्यावर लिहिले तरी चालेल.

नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला सुमारे 35-36 अंश सेल्सियस ऊब लागते, पिसांचे काटे फुटलेल्याला 30 च्या आसपास, पिसे आलेल्याला 25 ते 27. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कपडा, खोक्याच्या एका अर्ध्या भागाखाली किंवा शेजारी कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, दुसरा अर्धा भाग मोकळा. पाणी निवले की बदलायचे. पिल्लाच्या पायांखाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि वाढत्या हाडांना तीच सवय लागली तर पिल्लू पुढे फांदीवर बसू शकत नाही. जुना खरखरीत टॉवेल चांगला, फक्त त्याचे सुटे धागे कापून टाकावेत.

इथे आपल्या हवेचा विचार करायला हवा. पुस्तकांतून ऊब देण्यासाठी दिवा लावा असे लिहिलेले असते. पण वैशाखात सांवेरला दुपारी पारा 40 च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत दिवा लावणे म्हणजे पिल्लू भाजणे. दुपारी त्याला सावली आणि वारा लागतो. रात्र मात्र वेगळी. मालव्याच्या गार रात्रींचे कौतुक 'शब-ए-मालवा' म्हणून होत आले आहे. फाल्गुनातल्या त्याच रात्री उघडे पिल्लू पहाटेपर्यंत गारठते. पिल्लू चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते तेव्हा उकडते आहे असे समजावे. कोपऱ्यात आकसून थरथरते तेव्हा थंडी.

मग घास

पिल्लू हाताला कोमट लागू लागले, हलू लागले, की पिशवीवर बोटाने हलकेच स्पर्श करून पाहावे. ती भरलेली असेल तर काही देऊ नये. रिकामी, सैल असेल तरच भरवावे.

सर्वांत बरे म्हणजे पोपटाच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी पावडर. ती इंदुरात पक्षी-प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानांतून मिळते आणि डब्यावर प्रमाण लिहिलेले असते. रात्रीची वेळ असेल आणि ती मिळत नसेल तर हरभऱ्याची डाळ भिजवून, मऊ शिजवून, सालपट राहणार नाही अशी गाळून, त्यात उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा थोडा भाग कालवून उकळून निवलेल्या पाण्यात पातळ करावे. मीठ, साखर, तेल काही नको. ही सोय एका रात्रीपुरती आहे. आठवडाभर त्यावर ठेवलेल्या पिल्लाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो आणि हाडे वाकतात.

पातळपणा वयाप्रमाणे ठेवावा. पहिल्या दिवसांत कढीसारखे, डोळे उघडल्यावर पातळ पिठल्यासारखे. तापमान 38 ते 40 अंश. हे मनगटावर थेंब टाकून ठरवू नये. आमच्यापैकी तिघांनी मनगटावर तपासलेल्या एकाच वाटीचे तीन निकाल आले होते. थर्मामीटर वापरावा. गार अन्न पिल्लू घेत नाही व पचवत नाही, आणि जास्त गरम अन्नाने पिशवी आतून पोळते, तेही बाहेरून न दिसता. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात तापवू नये. एक घास कोमट आणि दुसरा उकळता निघतो.

भरवायला लहान चमचा घ्यावा, ज्याच्या दोन्ही कडा पकडीने आत वळवून पन्हळ केलेली आहे. पिल्लू टॉवेलवर उभे ठेवावे, डोक्याला बोटांचा आधार द्यावा, चमचा चोचीच्या कडेला टेकवावा आणि ते स्वतः ओढून घेईल तेवढेच जाऊ द्यावे. ते मान हलवायचे थांबले की आपणही थांबावे. चोचीत ओतू नये. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. ओतलेला थेंब तिथे उतरला तर पिल्लू मिनिटांत मरते किंवा दोन दिवसांनी फुप्फुसे बिघडून. याच कारणाने ड्रॉपरने पाणीही पाजायचे नाही. त्याला लागणारे पाणी त्या पातळ अन्नात असते. सुईविना सिरिंज जाणती माणसे वापरतात. शिकाऱ्यांनी म्हणजे शिकाऊंनी चमच्यावरच राहावे.

किती? पिल्लाच्या वजनाच्या सुमारे दहावा भाग एका वेळी. 40 ग्रॅमच्या पिल्लाला चार मिलिलिटर. प्रयोगशाळेतला काटा यासाठी उपयोगी पडतो आणि दहावीच्या मुलांना टक्केवारीचा सराव होतो. एका आठवड्याच्या आतल्या पिल्लाला दर दोन तासांनी, डोळे उघडलेल्याला तीन-चार तासांनी, हिरवी पिसे दिसू लागलेल्याला दिवसातून तीन वेळा. दिवसातून एकदा, बहुधा पहाटे, पिशवी पूर्ण रिकामी झालेली दिसली पाहिजे. नसेल, किंवा आंबूस वास येत असेल, तर पुढचा घास न देता डॉक्टर गाठावा. उरलेले अन्न टाकून द्यावे, वाटी-चमचा उकळावा, चोच ओल्या कपड्याने पुसावी. आणि आपले हात साबणाने, आधी व नंतर. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार आहे. घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रोगी असेल तर पिल्लू त्या खोलीत नको.

मोठे होत आलेले पिल्लू चोचीने वस्तू टोकरू लागले की भिजवलेले हरभरे, मटाराच्या शेंगा, मक्याचे कणीस, पेरू, उंबराची फळे, निंबोळ्या असे जे त्याला पुढे रानात मिळणार आहे ते समोर टांगावे. हिरवी मिरची चालते. आपल्याला तिखट लागते ते कॅप्सेसिनमुळे. पक्ष्यांच्या नसांना त्याची जाणीव जवळजवळ होतच नाही. मिठ्ठू मिरची खातो म्हणून शूर असतो असे नाही!

कादंबरीतले पिल्लू

आपल्या गावाहून उज्जैन जवळ. त्या उज्जयिनीची कथा बाणभट्टाने सातव्या शतकात 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथात सांगितली. आपण मराठीत कादंबरी हा शब्द वापरतो तो याच ग्रंथाच्या नावावरून. पण ती कथा सांगणारा कोण, हे पुष्कळांना माहीत नसते. तो आहे वैशंपायन नावाचा पोपट, आणि तो आधी सांगतो ते आपल्या बालपणाचे संकट. पंपा सरोवराकाठी शाल्मलीचे, म्हणजे काटेसावरीचे, जुने प्रचंड झाड. त्यात पोपटांच्या पिढ्यानपिढ्या. याची आई जन्माच्या वेळीच गेलेली, बाप म्हातारा, इतरांच्या घरट्यांतून खाली पडलेले दाणे आणि फळांचे तुकडे आणून याला भरवणारा. एके दिवशी एक शबर झाडावर चढतो आणि ढोल्यांतून पोपट काढून मारतो. बाप पिल्लाला पंखांखाली झाकतो, बाप मारला जातो, पिल्लू वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वाचते. तहानेने व्याकूळ झालेल्या त्या पिल्लाला हारीत नावाचा ऋषिकुमार उचलतो, सरोवराकाठी नेतो, चोचीत पाण्याचे थेंब सोडतो आणि आश्रमात आणतो.

पोपटाची ढोली, भरवणारा बाप, पानांच्या ढिगामुळे वाचलेला जीव, हे सगळे बाणाने डोळे उघडे ठेवून पाहिलेले वाटते. पाण्याचे थेंब मात्र आज आमचे डॉक्टर देऊ देणार नाहीत. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या : ही कथा पोपट सांगतो तेव्हा तो विदिशेच्या शूद्रक राजापुढे पिंजऱ्यातून आणलेला असतो.

अठ्ठेचाळीस तास

पिंजऱ्याचा विषय काढणे भागच आहे, कारण आपल्या समाजात जुन्या वाड्यांच्या ओसरीवर मिठ्ठूचा पिंजरा असणे ही चाल होती, आणि "वाचवला आहे, आता ठेवून घेऊ" हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. 1972 च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला कोणताही पोपट पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर दंडाची रक्कमही वाढली. सापडलेले पिल्लूही याला अपवाद नाही. ज्याच्या हाती असा जीव येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवायचे असते. (बजरिगर म्हणजे लहान रंगीत पक्षी ऑस्ट्रेलियाचे, त्यांची गोष्ट वेगळी.)

पण कायदा बाजूला ठेवला तरी दुसरे कारण उरते. माणसाच्या हातावर एकटे वाढलेले पिल्लू माणसालाच आपले समजू लागते. मांजर आले तर ते उडत नाही, शिक्रा आला तर थव्याबरोबर ओरडत नाही, कारण थवा त्याला ठाऊक नसतो. म्हणून एकटे पिल्लू दुसऱ्या पिल्लांसोबत वाढावे लागते, मोठ्या जाळीघरात पंखांना बळ यावे लागते आणि मग दार उघडे ठेवून हळूहळू सोडावे लागते. हे काही महिन्यांचे काम आहे, ते घरच्या गच्चीवर होत नाही. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे इंदूर वनमंडळ. औषधोपचारासाठी आधी सरकारी पशुचिकित्सालय. अवघड प्रसंगी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते 1955 पासूनचे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट आणि नळीचा दृष्टांत आहे. नळीवर बसलेला पोपट ती फिरताच उलटा लोंबकळतो आणि कोणी बांधलेले नसताना ती घट्ट धरून ठेवतो. कीर्तनातून आपण तो जीवाविषयी ऐकतो. पिल्लाला सोडायची वेळ आली की रडणारी मुले आणि त्यांच्याहून जास्त रडवेले झालेले पालक आम्ही पाहिले आहेत. तेव्हा नळी कोणी धरली आहे असा प्रश्न आमच्या मनात येतो, पण त्या वेळी आम्ही तो विचारत नाही.

शाळेपुरते

विश्वस्त मंडळास एक विनंती. 2024 मध्ये इंदूर-उज्जैन रस्ता सहा पदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. रस्ता रुंद होतो तेव्हा आधी जातात ती कडेची जुनी झाडे, आणि ढोली जुन्याच झाडाला असते; नव्या रोपाला ती यायला अनेक दशके लागतात. म्हणून शाळेच्या मागच्या कडुलिंबाची वाळकी फांदी छाटायची झाल्यास ती माघापासून ज्येष्ठापर्यंत छाटू नये, पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुटीत छाटावी, आणि तीही ढोली वगळून. वर्गावर पडेल अशी ती फांदी नाही, हे आम्ही सुताराकडून पाहून घेतले आहे.

कार्यालयातील खालच्या कपाटात एक खोके तयार ठेवले आहे. त्यात टॉवेल, गरम पाण्याची बाटली, थर्मामीटर, कडा वळवलेला चमचा आणि वनविभाग व पशुचिकित्सालय यांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद आहे. किल्ली शिपाईकाकांकडे असते, रविवारीही. कडुलिंबाच्या पश्चिमेकडच्या ढोलीत यंदा एक जोडी ये-जा करते आहे. तिची नोंदवही प्रयोगशाळेत आहे. मधल्या सुटीत ज्याला लिहायची असेल त्याने तारीख, वेळ आणि काय पाहिले तेवढेच लिहावे, आणि झाडाखाली उभे राहून नव्हे, व्हरांड्यातून पाहावे.